अक्काच्या पाठराखणीला

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव घेतो. सुमनअक्का. माझी थोरली बहीण. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीसुद्धा ओलांडली नव्हती. मी बी.ए. झालो, धुळ्याला बी.एड. केलं आणि आज तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवतो, ते तिच्यामुळे. शाळेत कधी चार शब्द बोलायची वेळ आली की मी तिचं नाव घेतो आणि लोक टाळ्या वाजवतात. तिचा संसार लग्नानंतर पाचव्या दिवशी मोडला आणि तो मी मोडला, हे मात्र मी कुठल्याही भाषणात सांगितलेलं नाही. तिलाही सांगितलं नव्हतं.

या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सातपुड्यातल्या पालला गेलो. मी, माझी बायको रूपाली आणि पाच वर्षांचा ओम. जागा रूपालीनं निवडली होती. खरं तर दोघांनीच जायचं ठरलं होतं. लग्नाला सात वर्षं झाली तरी दोघं मिळून आम्ही कुठे गेलो नव्हतो. ओमला दोन दिवस अक्काकडे ठेवायचं म्हणून आम्ही आधी रावेरजवळच्या आमच्या गावी उतरलो. अक्का ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"कुठी चालले मंग?" तिनं विचारलं.

"पालला," रूपाली म्हणाली. मला त्या गावाचं नाव तिच्यासमोर घेता आलं नसतं.

शेंगा फोडणारा हात थांबला नाही. "जा. हवा चांगली हाये तिथली. पन लेकराले मांगं ठेवून कशाले जाता? घेऊन जा त्याले."

"तो कंटाळेल तिथं, अक्का. त्याच्याजोगतं काही नाही तिकडे," मी म्हणालो.

"तं काय झालं? कंटाळून कोनी मरते का?" ती ओमकडे बघून हसली. "जाय रे बाप्पा. माकडं पाहून ये."

म्हणून ओम आमच्यासोबत आला.

रावेर सोडलं की बराच वेळ दोन्ही हातांना केळीच असते. तोडलेल्या घडांच्या दांड्यांचा ओला, आंबूस वास, पाटाच्या पाण्याचा गारवा, वाटेत घड भरून उभे असलेले ट्रॅक्टर. मग डोंगर जवळ येतो, केळी एकाएकी संपते आणि साग सुरू होतो. सागाचं पान वाळलं की कुणीतरी कागद चुरगाळल्यासारखं वाजतं. तो आवाज ऐकला आणि मी गाडीची काच वर केली. रूपालीनं विचारलं, "गार लागतंय?" मी हो म्हणालो.

विश्रामगृह तेच होतं, लहानपणी मी अक्कासोबत आलो होतो ते. रंग नवा होता, पुढची मोरी बंद करून तिथं कुंड्या ठेवल्या होत्या. मागच्या अंगणातला नळ मात्र जिथल्या तिथं होता. त्या नळाखालचा दगड मी ओळखला.

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो आणि अक्का चौदा-पंधरा वर्षांची. आमचे वडील, आबा, केळीच्या गाड्या भरायला जात, ते उजाडायच्या आत निघत. अक्काच्या कडेवर मी वाढलो. तिच्या अंगाला उन्हाळ्यात बिबड्यांच्या घाट्याचा वास यायचा. ज्वारीचा तो शिजलेला, किंचित आंबट वास मला अजून कुठे आला तर मी उभा राहतो. खाटेवर धुतलेलं लुगडं पसरून ती ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या थापायची, आणि ओला घाटा वाटीत काढून आधी मला द्यायची. मी तिचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. गावातल्या बाया तिला चिडवायच्या, "सुमन, तुह्या लग्नात आंदन काय देतील व? हेच पोट्टं देतील."

तिचं लग्न ठरलं ते शिरपूरकडच्या मुलाशी. उन्हाळा होता, तेंदूपानाचे दिवस. मी पाच वर्षांचा होतो. दाजी तिकडे सूतगिरणीत कामाला होते. बारीक अंगाचे, दाट केसांचे, बोलताना खाली बघणारे. त्यांची बोली आमच्यापेक्षा वेगळी. ते 'आहे'ला 'शे' म्हणायचे आणि 'गोळी'ला 'गोयी'. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोट धरून हसलो होतो. त्यांना राग आला नाही. खिशातून काढून एक गोळी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "ले गोयी. हास आते," ते म्हणाले.

आमच्याकडे नवी नवरी माहेरचा उंबरा सोडून निघाली की पहिल्या काही खेपांना तिच्यासोबत माहेरचं एक माणूस पाठराखणीला जातं. एखादी म्हातारी, नाहीतर धाकटा भाऊ. चार दिवस राहतं आणि परत येतं. परक्या घरात पोरीला एक तरी ओळखीचा चेहरा दिसावा, एवढाच त्याचा अर्थ. पण दाजींनी नवीच गोष्ट काढली होती. लग्नानंतर सासरी दोन दिवस झाले की पूजा आटोपून आमच्या गावी यायचं, आणि तिथून दोघांनी पालला फिरायला जायचं. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांनी विश्रामगृहातली खोली मिळवली होती, एका मित्राचा कॅमेराही मागून आणला होता. आमच्या गल्लीतून अशा कारणासाठी त्याआधी कुणी कुठे गेलं नव्हतं. तिथं काय करायचं असतं, सोबत कुणी जायचं असतं की नसतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी मावशी आईच्या जागी उभी होती. तिनं जे तिला माहीत होतं तेच केलं.

"पोरगी एकटी धाडत नसतात पहिल्या वाटेले," ती म्हणाली. "हा जाईल सोबत."

दाजी उभ्याउभ्याच घामाघूम झाले. "मावशी, आम्ही फिराले जाई राहिनूत."

"मंग? हा काय पायी चालून थकनार हाये का? कोपऱ्यात पडून राहील. दोन घास खाईल."

शेजारची एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "नवरदेवा, लोकं कॅमेरा नेतात, तू साला घेऊन चालला!" सगळा ओटा हसला. दाजीही हसले.  अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी आधीच चपला घालून उभा होतो. तिनं वाकून माझ्या शर्टाची गुंडी लावली.

त्या दोन दिवसांतलं मला जे आठवतं ते सगळं तुकड्यातुकड्यांचं आहे. जीपमधला डिझेलचा वास. फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी. अक्काच्या हातातला हिरवा चुडा, जीप हिसका देई तेव्हा किणकिणायचा. दाजींनी मला खिडकीची जागा दिली होती आणि स्वतः मध्ये अवघडून बसले होते. उतरल्यावर त्यांनी माझा हात धरला, मी तो सोडवून घेतला आणि अक्काचा धरला. फोटो काढताना ते म्हणायचे, "तू जरा तठे उभा ऱ्हाय ना, पोऱ्या," आणि मी प्रत्येक वेळी पळत जाऊन दोघांच्या मध्ये उभा राहायचो. ते कॅमेरा खाली करायचे, मग पुन्हा डोळ्याला लावायचे. त्या रोलमधले फोटो धुऊन आले की नाही, मला माहीत नाही. आले असतील तर प्रत्येकात मी असणार.

पहिल्या रात्री मी त्यांच्या मध्ये झोपलो. अक्काचा पदर माझ्या मुठीत होता. नवी जागा, बाहेर कसले कसले आवाज. त्याच रात्री मी अंथरूण ओलं केलं. सकाळी मला जाग आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. मी मागच्या दाराशी आलो. नळाखालच्या दगडावर अक्कानं चादर धुतली होती. चादरीचं एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं दाजींच्या. दोघं ती पिळत होते. दाजींनी जास्तच पीळ दिला, अक्काच्या हातून टोक सुटलं आणि पाणी तिच्या तोंडावर उडालं. ती हसली. मी तिला रोज हसताना पाहायचो, पण हे हसू मी आधी ऐकलं नव्हतं. त्यात मी नव्हतो. मी दाराशी उभा आहे हे तिला दिसलं नाही. तिला मी दिसलो नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

मोठेपणी मी मुलांच्या मानसशास्त्रावर पेपर लिहिले, त्यात मला बरे गुणही पडले. पण त्या दाराशी मला काय झालं ते कुठल्याच पुस्तकातल्या शब्दात मला बसवता आलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी बाहेर गेलो आणि परत आलो नाही. उन्हं उतरेपर्यंत दोघं मला शोधत होते. शेवटी तेंदूपानं गोळा करणारी एक पावरा आदिवासी बाई मला हाताला धरून घेऊन आली. तिच्या डोक्यावरच्या पानांच्या गठ्ठ्याचा हिरवा, कडू वास अजून माझ्या नाकात आहे. अक्का अनवाणी पळत आली. तिच्या पायातून रक्त येत होतं. तिनं मला उचललं.

"कुठी गेल्ता रे? कुठी गेल्ता?"

मला वाटलं, आता मार बसणार. तिनं मला कधी मारलं नव्हतं, तरी वाटलं. मी म्हणालो, "दाजीनं मले मारलं. म्हने परत आला तं पान्यात फेकीन."

दाजी मागेच होते. "काय बोली राहिना रे, पोऱ्या?" ते म्हणाले. मग तिला म्हणाले, "सुमन, मी याले हात बी लावा नही."

 अक्का मला घेऊन खोलीत गेली आणि तिनं पिशवी भरायला घेतली. सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. ती आणि मी पुढच्या बाकावर, दाजी मागे. रावेरच्या स्टँडवर ते हातात कॅमेऱ्याची पिशवी घेऊन उभे राहिले. अक्का माझं बोट धरून गावच्या गाडीकडे चालू लागली.

पुढे मोठ्या माणसांचं जे होतं ते झालं. ते दोनदा तिला न्यायला आले. दोन्ही वेळा मावशी दारात उभी राहिली. "लेकराच्या जिवावर उठनारा मानूस आमाले नको," ती म्हणाली. तिसऱ्या वेळी ते आले नाहीत. मग त्यांच्याकडची चार माणसं आली, आमच्याकडची चार बसली आणि फारकत झाली. चहा मीच नेऊन दिला होता.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की आमच्याकडे गावोगावच्या लेकी माहेरी येतात. कुणाचा भाऊ आणायला जातो, कुणाचा बाप. गल्लीत झोके बांधले जातात, पोरी गाणी म्हणत गौराईचं पाणी भरून आणतात. अक्काला आणायला कुणी कधी गेलं नाही, कारण ती गेलीच नव्हती. ती ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या लेकींना पाणी द्यायची. पहिल्या वर्षी एकीनं तिला झोक्यावर बसायला बोलावलं. "माह्यं काय काम तिथं?" ती म्हणाली आणि आत गेली.

नंतर तिला दोन-तीन स्थळं आली. ते सगळे विचारायचे, भाऊ कुठे राहील? ती म्हणायची, माझ्याजवळ. स्थळं परत जायची. ती अंगणवाडीत मदतनीस झाली, मुलांची खिचडी शिजवू लागली. उन्हाळ्यात लोकांच्या बिबड्या करून द्यायची. मी पहिलीत गेलो तेव्हा माझ्या शेजारी बसून ती पुन्हा अक्षरं गिरवायला शिकली. तिचीही शाळा आईच्या दुखण्यात सुटलेली होती. मी धडा वाचायचो, ती बोट ठेवून मागून वाचायची. मी तिच्या पुढे निघून गेलो तेव्हा तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि कंदिलाची काच पुसायला घेतली. बारावीला मला चांगले गुण मिळाले तेव्हा सगळ्या गल्लीत तिनं पेढे वाटले, आणि मावशी बायांना म्हणाली, "पाहा, त्या मानसानं मारून टाकलं असतं हे पोरगं."

मावशीनं ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली की मलाही दाजींचा उगारलेला हात दिसू लागला होता. कधी तो उजवा असायचा, कधी डावा. असं कधी मारलंच नव्हतं, हे मला माहीत होतं आणि तरी हात दिसायचा. त्या दोन गोष्टी मी इतकी वर्षं एकाच डोक्यात शेजारी ठेवून जगलो. कॉलेजला गेलो, नोकरीला लागलो, लग्न केलं.

चार वर्षांपूर्वी परीक्षेच्या कामासाठी शिरपूरला गेलो होतो. स्टँडवर चहा घेत असताना एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. केस विरळ झाले होते. त्यांनी दुसरं लग्न केलं, एवढंच मला ऐकून ठाऊक होतं.

"वयखं का?" त्यांनी विचारलं.

मी उठून उभा राहिलो.

"अक्का कशी शे?"

"बरी आहे."

"तू मास्तर व्हयना म्हने. चांगलं व्हयनं." त्यांनी माझ्या चहाचे पैसे देऊन टाकले, मी नको म्हणेपर्यंत. जाताना थांबले. "एक इचारू? मी तुनं काय बिघाडं व्हतं रे?"

आवाजात राग नव्हता. एखाद्याला खरंच समजत नसावं, तसं त्यांनी विचारलं. माझी गाडी लागली होती. मी गाडीत जाऊन बसलो.

या वेळी पालला दुसऱ्या दिवशी दुपारी ओम फार किरकिर करू लागला. झोका नाही, मोबाइलला रेंज नाही, माकडं पाहून झाली. रूपाली खिडकीशी बसली होती. खूप दिवसांनी ती काहीतरी सांगत होती, तिच्या नोकरीचं, तिला वाटणाऱ्या भीतीचं, आणि ओम दर दोन वाक्यांना तिच्या गालाला हात लावून तिचं तोंड स्वतःकडे वळवत होता. मी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला, त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "जा रे ओम, बाहेर खेळ थोडा."

वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते ऐकू आलं. ना रागाचं, ना दुष्टाव्याचं. बायकोशी चार शब्द बोलू पाहणाऱ्या कुठल्याही माणसाचं. दाजी एवढंच म्हणाले होते. इतक्या वर्षांनी मला तो उगारलेला हात दिसेनासा झाला.

मी बाहेर धावलो. ओम अंगणातच होता, पायरीवर बसून बिस्किटं मुंग्यांना घालत होता. मी त्याला उचललं तर तो ओरडला, "सोडा ना बाबा, मुंग्या पळतील!" रूपाली मागून आली. माझं तोंड बघून तिनं ओमला माझ्या हातातून घेतलं. मग त्या पायरीवर बसून मी तिला जवळजवळ सगळं सांगितलं. तिनं ओमच्या हातावरचे बिस्किटांचे कण झाडले.

"अक्कांना सांगा," ती म्हणाली. "पण फोनवर नका सांगू. फोनवर त्या 'जाऊ दे' म्हणतील आणि ठेवून देतील."

परतताना आम्ही गावात थांबलो नाही. ओम झोपला आहे, असं मी फोन करून अक्काला सांगितलं. तो जागा होता.

धुळ्याला आल्यावर मी पत्र लिहिलं. पाकिटावर तिच्या नावाआधी काय लिहायचं, तेच मला कळेना. सौ. लिहिता येत नव्हतं, कु. लिहिता येत नव्हतं, श्रीमती लिहवत नव्हतं. शेवटी नुसतं नाव लिहिलं. त्या दुपारी मी कुठे होतो ते मी वर लिहिलेलं नाही, रूपालीलाही नीट सांगितलं नव्हतं. ते आधी अक्काला कळायला हवं होतं. पत्र तिला पोचलं आहे. ते असं:

ती. अक्का,

सा. नमस्कार.

हे पत्र तू एकटीनं वाच, कुणाकडून वाचून घेऊ नकोस. मी अक्षर मोठं काढलं आहे.

पालला दाजींनी मला मारलं नव्हतं. पाण्यात फेकीन असंही ते म्हणाले नव्हते. त्यांनी मला बिस्किटाचा पुडा दिला आणि बाहेर खेळायला सांगितलं. बाकीचं मी रचलं.

मी हरवलोही नव्हतो. नदीच्या वरच्या अंगाला एक मोठा खडक आहे, त्याच्यामागे बसलो होतो. माझ्या चपला मी डोहाच्या काठावर मुद्दाम काढून ठेवल्या होत्या. तुम्ही घाबरावं आणि तू मला घेऊन घरी जावंस, एवढंच मला हवं होतं. तू रस्त्याकडे पळालीस. दाजी नदीकडे आले. त्यांना चपला दिसल्या. त्यांनी मला हाका मारल्या, मी ओ दिली नाही. मग ते कपड्यांसकट पाण्यात उतरले. बुडी मारून हातांनी तळ चाचपायचे, वर येऊन खोकायचे, पुन्हा खाली जायचे. किती वेळा गेले, मी मोजलं नाही. मी खडकामागून बघत होतो.

त्या बाईनं मला आणलं तेव्हा ते तुझ्या मागे उभे होते. अंगावरून पाणी गळत होतं, हातात माझ्या चपला होत्या. तू मला पोटाशी धरलं होतंस. तू वळून पाहिलं नाहीस. अंधारायला लागलं होतं आणि तुला माझ्याशिवाय काही दिसत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी ते मला शिरपूरला भेटले. तू कशी आहेस, हे त्यांनी सर्वांत आधी विचारलं. तेही मी तुला सांगितलं नाही.

माझ्या एका वाक्यावर तू तुझं घर सोडलंस आणि नंतर मलाच शिकवलंस. मी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि ते पुन्हा तुझ्याकडून घेणंच होईल. तू मला घरात येऊ नकोस म्हणालीस तरी चालेल. मी शिकलेला माणूस आहे, मला ते समजेल.

पहिल्या दिवशी आपण नदीवर गेलो तेव्हा तू पाण्यात पाय सोडून बसली होतीस. त्यांनाही बोलावत होतीस आणि ते काठावरून हलत नव्हते. तू त्यांना हसलीस, मीही हसलो. अक्का, त्यांना पोहता येत नव्हतं. ते तुलाही माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

तुझा धाकटा भाऊ